पानिपतचं बिल कुणी भरलं?

मंडळी, संक्रांतीच्या दिवशी मी इथे दोनच ओळी टाकल्या होत्या. "टीव्हीवर पुन्हा 'पानिपत' लागलाय. त्यापेक्षा 'स्वामी'चा एखादा भाग दाखवला असता तर दिवस सार्थकी लागला असता." बास, एवढंच. त्याखाली जो काही फड रंगला तो तुम्ही बघितलाच असेल. "मराठ्यांचा पराक्रम तुम्हाला बघवत नाही का?" "आधी एक सिनेमा काढून दाखवा, मग बोला." "निदान आपला इतिहास मोठ्या पडद्यावर आला, याचं कौतुक करा." एका ओळखीच्या मुलानं तर लिहिलं, "वहिनी, तुम्ही आता जुन्या झालात."

जुनी झालेय, कबूल. पण त्या दोन ओळींच्या मागे एक प्रसंग होता, तो मी तेव्हा लिहिला नव्हता. आज सगळंच लिहिते. लांबण लागणार आहे, चहा घेऊनच बसा.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेजारची सहावीतली मुलगी आमच्याकडे तिळगूळ द्यायला आली होती. तिच्या शाळेत १४ जानेवारीच्या निमित्तानं पानिपतावर छोटं नाटुकलं बसवलं होतं. हिला गोपिकाबाईंचं काम. नाकात नथ, डोळ्यांत काजळ, आणि सबंध नाटुकल्यात डोळे बारीक करून जावेवर आणि दिरावर जळायचं. संवाद कुठून घेतले विचारलं, तर म्हणाली, "सिनेमातनं." मग लाडू खाता खाता तिनं सहज विचारलं, "काकू, गोपिकाबाईंनी मुद्दाम पाठवलं ना स्वतःच्या मुलाला? क्रेडिट मिळावं म्हणून?"

क्रेडिट. अकरा वर्षांच्या पोरीच्या तोंडी हा शब्द.

आणि हे कुठे? वाईत! गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांच्या लेक. ती मुलगी रोज ज्या ढोल्या गणपतीवरून शाळेत जाते, ते देऊळ १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलं. म्हणजे पानिपतनंतर दुसऱ्याच वर्षी. ज्या बाईचं माहेर या गावात, तिच्याबद्दल याच गावातल्या पोरांना काय ठाऊक आहे, तर ती जळकी होती आणि तिला क्रेडिट हवं होतं. इथून माझं डोकं फिरलं.

आता आधीच एक सांगून ठेवते. मी आशुतोष गोवारीकरांची दुष्मन नाही. 'लगान' मी थिएटरात तीनदा पाहिला. 'स्वदेस'चं चरणपूर म्हणजे आपली मेणवली. त्या घाटावर आजही पर्यटक येऊन शाहरुख कुठे उभा होता ते विचारतात आणि आपणही कौतुकानं दाखवतो. त्या सिनेमात एका पंचवीस पैशांच्या पाण्याच्या पेल्यावरून देशाबद्दल जे काही सांगितलंय ते शंभर भाषणांत मावलं नसतं. त्यामुळे डिसेंबर २०१९ मध्ये 'पानिपत' येणार म्हटल्यावर आम्ही घरचे पाच जण गाडी करून बघायला गेलो होतो. मनात होतं, हा माणूस मराठी आहे, अभ्यास करणारा आहे, हा काहीतरी वेगळं करेल. राग अनोळखी माणसावर येत नाही हो. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याच्यावरच येतो.

जे चांगलं ते चांगलं. नितीन देसाईंचे सेट डोळ्यांत भरतात. इब्राहिमखान गारदी हा पात्र म्हणून नीट उभा राहतो, आजच्या हवेत ही छोटी गोष्ट नाही. अर्जुन कपूरच्या मिशीवर आणि हिंदीवर लोकांनी जे विनोद केले त्यात मला काही रस नाही. नटाची चेष्टा सोपी असते. माझं भांडण लिखाणाशी आहे.

पहिला मुद्दा. सदाशिवरावभाऊ हे नुसते तलवारबहाद्दर नव्हते. पुण्यातला कारभार, दौलतीचे जमाखर्च त्यांच्या हाताखालून जात. बाप चिमाजीआप्पा, वसई घेणारा. मुलगा कागद आणि तलवार दोन्ही जाणणारा. असा हिशेबी माणूस मार्च १७६० मध्ये उत्तरेला निघतो. बरोबर फौज आहेच, पण बाजारबुणगे आहेत, काशी-प्रयागला जायचं म्हणून निघालेले यात्रेकरू आहेत, बायकामुलं आहेत. पावसाळ्यात यमुनेला पूर. पैसा संपत आलेला. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती येते, पण तिजोरी रिकामी. शेवटी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून ती चांदी वितळवून शिपायांचा पगार भागवावा लागतो. बादशहाच्या महालाचं छत काढून पगार करणारा कारभारी! यापेक्षा मोठा प्रसंग कुठल्या पटकथाकाराला सुचणार आहे? रोजच्या भाकरीचा प्रश्न आणि साम्राज्याचा प्रश्न एकाच छताखाली, आणि तेच छत खाली येतंय.

मग कुंजपुरा, मग पानिपत. अब्दाली मागे येऊन बसतो, दक्षिणेची वाट तुटते. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत कोंडी. रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले जातात. त्यानंतर छावणीत अन्नच नाही. १४ जानेवारी १७६१ ला मराठे बाहेर पडले ते उपाशीपोटी. पानिपतची खरी लढाई त्या आधीच्या अडीच महिन्यांत, चुलीपाशी हरली गेली.

जवळपास तीन तासांच्या सिनेमात ही चूल कुठे आहे? येते, पण उरकली जाते. वेळ कशात जातो? नाचगाण्यात, पार्वतीबाईंच्या आणि भाऊंच्या लाडिक संवादात, आणि संजय दत्तच्या अब्दालीनं डोळे वटारण्यात. भूक दाखवायला पैसे लागत नाहीत हो. एक रिकामं पातेलं आणि एक आई पुरेशी असते. ज्यानं 'लगान'मध्ये कोरड्या आभाळाकडे बघणारं अख्खं गाव दाखवलं, त्याला हे जमलं नसतं असं मला अजिबात वाटत नाही. त्याला ते दाखवावंसं वाटलं नाही, हे जास्त टोचतं.

दुसरा मुद्दा. ट्रेलरमधलाच तो पार्वतीबाईंचा संवाद तुम्हाला आठवत असेल. पेशवे एकटे मोहिमेवर गेले की येताना मस्तानी घेऊन येतात, अशा अर्थाचा टोमणा. थिएटरात त्यावर हशा पिकला होता, मी स्वतः ऐकलाय. आता विचार करा. भाऊंच्या त्याच मोहिमेत मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर होता. तो पानिपतात लढला आणि तिथल्या जखमांनीच गेला. ज्या बाईचा मुलगा या मोहिमेत जीव देणार आहे, तिच्या नावावर त्याच मोहिमेच्या सिनेमात फुकटचा हशा! बाजीराव-मस्तानीच्या वंशजांनी आक्षेप घेतला तेव्हा आपल्याकडे अनेकांनी "एवढं काय त्यात" म्हणून उडवून लावलं. मला बंदी नको आहे, नोटिसाही नकोत. पण एका टाळीसाठी लेखक काय विकतो, हे बोलायला नको?

तिसरा मुद्दा गोपिकाबाईंचा. विश्वासराव नावापुरते का होईना मोहिमेचे मुख्य होते, हे इतिहासात आहे. पेशव्यांच्या घरात कुरबुरी होत्या, हेही खरं. गोपिकाबाई साध्याभोळ्या होत्या असं मी म्हणणार नाही. पण त्या बाईच्या आयुष्याचा हिशेब एकदा मांडून बघा. जानेवारी १७६१, थोरला मुलगा पानिपतात गोळी लागून गेला. जून १७६१, नवरा गेला. नोव्हेंबर १७७२, दुसरा मुलगा माधवराव क्षयानं गेला, वय २७. ऑगस्ट १७७३, तिसरा मुलगा नारायणराव शनिवारवाड्यात गारद्यांनी कापला. बारा-तेरा वर्षांत नवरा आणि तीन तरणेताठे मुलगे. हे सगळं बघायला ती जिवंत होती. एवढ्या बाईला तुम्ही दोन तास 'जळकी जाऊ' म्हणून वापरता, आणि मग ती पडद्यावरून नाहीशी होते, कारण तिचं काम संपलं!

मराठी मालिकांमध्ये रोज रात्री आठ वाजता जी खाष्ट सासू-जाऊ येते, तिलाच भरजरी शालू नेसवून शनिवारवाड्यात बसवलं, एवढंच झालं. आणि सहावीतली पोरगी ते पाठ करून स्टेजवर गेली.

आता 'स्वामी'कडे येते.

तेव्हा आम्ही पुण्यात राहायचो, सदाशिव पेठेत, दोन खोल्या. पेठेचं नाव कुठल्या सदाशिवावरून आलं हे मला त्या वयात माहीतही नव्हतं. टीव्ही खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे. 'स्वामी' लागायची त्या दिवशी जिन्यापर्यंत माणसं. वडील कामावरून येऊन कपडेही न बदलता खाली येऊन बसायचे. रणजित देसाईंची कादंबरी घराघरांत आधीच वाचलेली होती, १९६२ ची. म्हणजे शेवट सगळ्यांना माहीत, तरी कुणी हलायचं नाही.

त्या मालिकेत काय होतं? पैसा नव्हता, हे तर दिसायचंच. दूरदर्शनचा कारभार. आज कुणी तरुण मुलं ती बघतील तर सेट बघून हसतील. मला तरी एकही लढाई आठवत नाही. आठवतात ते चेहरे. रवींद्र मंकणींचा माधवराव. शाळकरी वयातली मृणाल देव, आताच्या मृणाल कुलकर्णी, रमाबाई म्हणून. दिवाणखान्यात बसून दोन माणसं बोलतायत आणि जिन्यावरची चाळीस माणसं श्वास रोखून ऐकतायत, असं होतं ते.

आणि ती गोष्ट सुरू कुठून होते बघा. 'पानिपत' जिथे संपतो तिथून. सोळा वर्षांचा पोरगा गादीवर येतो. भाऊ गेलेला, बाप गेलेला, एक पिढी संपलेली. उत्तरेतून आलेल्या त्या प्रसिद्ध निरोपात माणसांचा हिशेब मोत्यांत आणि मोहरांत मांडला होता, पण सावकारांचं देणं मोत्यांत फिटत नाही. कर्ज डोक्यावर, निजाम दारात, घरात राघोबादादा. पानिपतचं बिल टेबलावर आलंय आणि ते भरायला हा एक किडकिडीत मुलगा बसलाय. त्यानं ते अकरा वर्षांत भरलं आणि त्यातच तो संपला. थेऊरला.

सिनेमानं आपल्याला जेवणावळ दाखवली. 'स्वामी'नं बिल दाखवलं. म्हणून ती मालिका मोठी.

शिवाय ती गोष्ट न्यायाची होती. रामशास्त्री प्रभुणे हे आपल्या साताऱ्याजवळच्या माहुलीचे. पेशवा पूजाअर्चेत फार वेळ घालवायला लागला तेव्हा त्याला तोंडावर सुनावणारा माणूस. माधवरावांनी वेठबिगारीला आळा घातला, आपल्या सख्ख्या मामाला, म्हणजे वाईच्याच रास्त्यांना दंड केला, आणि आई रुसून नाशिकजवळ गंगापूरला निघून गेली, असं सांगतात. हा नाट्यप्रसंग बघा. मुलगा बरोबर, आईचंही दुःख खरं. इथे कुणाला खलनायक करायची गरजच पडत नाही. मालिकेचे दिग्दर्शक गजानन जागीरदार. याच जागीरदारांनी १९४४ मध्ये प्रभातच्या 'रामशास्त्री'त शास्त्रीबोवांचं काम केलं होतं. म्हणजे त्या काळाशी चाळीस वर्षं संसार केलेला माणूस म्हातारपणी तीच गोष्ट सांगायला बसला होता. हे पडद्यावर उतरतं. पैशानं उतरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, वहिनी, हे सगळं नॉस्टॅल्जिया आहे. लहानपणीचा बटाटेवडाही आजच्यापेक्षा चांगलाच लागतो.

या आक्षेपाला मी टाळणार नाही. उलट 'स्वामी'बद्दल माझी जी तक्रार आहे ती इथेच लिहून टाकते, कारण जे आवडतं त्याची तक्रार करता आली नाही तर आवडीला अर्थ नाही.

गोष्टीच्या शेवटी रमाबाई सती जातात. शेवट झाला त्या रात्री खालच्या काकूंच्या घरात सगळ्या बायका रडत होत्या. माझ्या आत्यानं टीव्हीला हात जोडले. खरंच जोडले, पदर डोक्यावर घेऊन. मीही जोडले, लहान होते. कादंबरीनं आणि मालिकेनं त्या प्रेमाला इतकं पवित्र करून ठेवलं होतं की एक तरुण, धडधाकट मुलगी जिवंत जळाली, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्याच दशकात, सप्टेंबर १९८७ मध्ये, राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांची रूपकंवर चितेवर गेली आणि तिथे हजारोंनी हात जोडले. त्यानंतर देशाला सतीविरोधी नवा कायदा करावा लागला. पेपरात ती बातमी वाचून आत्या म्हणाली, "काय मेली रानटी माणसं!" मी तिच्याकडे बघत राहिले. तिला दोन्हींचा संबंध लागला नव्हता. मलाही लागायला पुढे बरीच वर्षं गेली.

तेव्हा 'स्वामी'सुद्धा निर्दोष नाही. तिनं माधवरावाला देव केलं आणि रमेला समिधा. आज कुणी ती गोष्ट पुन्हा सांगितली, तर मला तो शेवट तसाच, धूप-दीप ओवाळून नको आहे. जिची दया येईल अशी रमा हवी आहे, जिला हात जोडले जातील अशी नको.

पण फरक कुठे आहे सांगते. 'स्वामी'शी मला चाळीस वर्षं भांडता येतंय. ती माझ्याशी बोलली, म्हणून मी तिला उलटून बोलू शकते. 'पानिपत'शी भांडायला काही उरतच नाही. थिएटरातून बाहेर आलो तेव्हा आमच्या ह्यांनी एकच वाक्य काढलं, "पॉपकॉर्नचे किती झाले?"

आता मूळ मुद्दा. हा सिनेमाचा विषय असूनही मी तो इथे, जिथे आपण रस्ते आणि पाणी आणि नगरपालिका यांबद्दल लिहितो तिथे का लिहितेय?

कारण आपण प्रेक्षक म्हणून दोनच गोष्टी शिकलोय. एक शिट्टी मारायची, नाहीतर दोन, सिनेमा बंद पाडायचा. मधलं काही नाही. २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' आला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात म्हणून आंदोलनं झाली, पुण्यात खेळ रद्द करावे लागले. काशीबाईंना पायाचं दुखणं होतं, त्या अशा नाचल्या नसत्या, हा मुद्दा बरोबरच. पण आंदोलन करणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्याआधी काशीबाईंचं नाव घेतलं होतं? २०१९ मध्ये 'पानिपत'वर राजस्थानात जाट समाज रस्त्यावर आला, कारण राजा सूरजमल मदतीच्या बदल्यात आग्रा मागतो असं दाखवलं. निर्मात्यांनी गुपचूप काही मिनिटं कापली. कापलं, प्रश्न मिटला. पण पानिपतानंतर उपाशी, जखमी, उघडेवाघडे मराठे परत येत होते तेव्हा याच सूरजमलनं आणि त्याच्या राणीनं त्यांना आसरा दिला, अन्न दिलं, वस्त्र दिलं. त्याबद्दल आपण मराठी माणसांनी त्या दिवसांत जाहीरपणे आभाराचा एक शब्द काढला का? आपल्यातले किती जण भरतपूरला जाऊन हात जोडून आले? ज्यांनी आपल्या खापरपणज्यांना जेवू घातलं त्यांचा अपमान आपल्या नावाच्या सिनेमात झाला, तेव्हा पहिला आवाज आपला यायला हवा होता. आला नाही, कारण आपण शिट्टी मारण्यात गुंतलो होतो.

भावना दुखावल्या की लोक रस्त्यावर येतात. सिनेमा वाईट आहे म्हणून कुणी दुखावलं जात नाही. निर्मात्यांना हे पक्कं कळलंय. त्यामुळे ते काय करतात? सुरुवातीला दोन मिनिटांची डिस्क्लेमर लावतात, कुणाच्या तरी वंशजांना आधी दाखवून घेतात, भगवे झेंडे वाढवतात, एक गाणं मर्दानगीचं टाकतात, आणि कथा जिथली तिथे सोडून देतात. पुढच्याच महिन्यात 'तान्हाजी' आला आणि आपल्या सरकारनं तो करमुक्तही केला. नाव इतिहासाचं असलं की कर माफ. हिशेब कोण विचारतो?

"निदान आपला इतिहास दाखवला तरी." या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. हे वाक्य पाहुण्यांकडे शिळं वाढलं तरी "निदान बोलावलं तरी" म्हणणाऱ्याचं आहे. का बरं आपण निदानावर समाधान मानायचं? ज्या भाषेत बखरी आहेत, हजारो पत्रं छापून ठेवलीत, शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' आहे, विश्वास पाटलांची 'पानिपत' आहे, त्या भाषेच्या माणसांनी मुंबईच्या हिंदी सिनेमानं आपल्याकडे एकदा बघितलं म्हणून कृतकृत्य व्हायचं? आणि "आधी एक सिनेमा काढून दाखवा" म्हणणाऱ्या त्या दादांना एवढंच सांगते, भाकरी करपलीय हे सांगायला स्वतःचं हॉटेल असावं लागत नाही. आम्ही पाच तिकिटांचे पैसे मोजलेत.

बरं, मग करायचं काय? तक्रार करून मोकळी होणारी मी नव्हे.

एक. आपल्या भागातल्या शाळांनी पुढच्या १४ जानेवारीला सिनेमावरून नाटुकली बसवू नयेत. त्याऐवजी पोरांना मेणवलीला न्यावं. नाना फडणवीस पानिपतात होते, विश्वासरावांच्याच वयाचे. तिथे त्यांची आई हरवली, ते स्वतः जीव वाचवून कसे परत आले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्याच नानांचा वाडा आपल्या गावापासून सायकलच्या अंतरावर आहे. घाटावर ती मोठी पोर्तुगीज घंटा आहे, वसईच्या विजयाची खूण. चिमाजीआप्पांनी वसई जिंकली १७३९ ला, त्यांचा मुलगा पानिपतात पडला १७६१ ला. बावीस वर्षांत एका घराण्याचा विजय आणि पराजय, आणि त्यातल्या विजयाला पोरांना हात लावता येतो. कुठल्या मल्टिप्लेक्समध्ये हे मिळणार आहे?

दोन. दूरदर्शनकडे सार्वजनिक पैशातून बनलेल्या जुन्या मालिका आहेत. त्या आपल्या आहेत. नीट स्वच्छ करून, पूर्ण भाग, कुणालाही कधीही बघता येतील अशा ठेवा, ही मागणी आपण आपल्या खासदारांकडे का करू नये? पुतळ्याची मागणी करतोच की. मी पत्राचा मसुदा लिहीत आहे. सह्या करायला कोण कोण येणार ते खाली सांगा.

तीन. ऐतिहासिक म्हणून एखाद्या सिनेमाला करमाफी देण्याआधी निदान हे बघा की त्यातून इतिहास शिल्लक राहिलाय का. नाहीतर द्या सगळ्यांनाच माफी, आणि सरळ म्हणा की करमणूक आहे.

चार, हे आपल्या सगळ्यांसाठी. ऐतिहासिक सिनेमा बघून आल्यावर पोरांना एवढंच विचारा, यातली माणसं जेवत काय होती, त्यांचे पैसे कोण देत होतं, आणि लढाईच्या दुसऱ्या दिवशी काय झालं? तीन प्रश्न. उत्तर आलं नाही तर समजा की आपण फक्त पोशाख बघून आलो.

त्या मुलीचं उत्तर राहिलंच. "मुद्दाम पाठवलं ना?" असं तिनं विचारलं होतं. मी तिला म्हटलं, "अगं, अठरा वर्षांच्या मुलाला आई मोठेपणासाठी पाठवतेही आणि देवापाशी त्याच्या जिवासाठी रडतेही. दोन्ही एकाच वेळी. तुझी आई नाही का तुला स्कॉलरशिपच्या क्लासला रोज ढकलत पाठवते आणि यायला उशीर झाला की दारात उभी राहते?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण मग मी स्टेजवर चेहरा कसा करायचा?"

मला उत्तर देता आलं नाही. पण तिला प्रश्न पडला, याचा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी नाटुकल्यात, विश्वासराव गेल्याची बातमी येते तिथे, तिच्या वाट्याला संवादच नव्हता. लिहिलेलाच नव्हता. पोरगी स्टेजच्या कोपऱ्यात नुसती खाली बसली आणि नथ काढून हातात धरली. कुणी शिकवलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या आया एकदम गप्प झाल्या.

लाखांची तिकिटं, कोटींचे सेट आणि तीन तास घेऊन जे सिनेमाला सापडलं नाही, ते आमच्या गल्लीतल्या पोरीला अर्ध्या मिनिटात सापडलं.

आता खाली लिहा काय लिहायचं ते. शिव्या द्या, चालेल. फक्त सिनेमा बघून, आणि जमलं तर एकदा मेणवलीला जाऊन द्या.